नऊ झाली, सहा राहिली: नायजरची लोकसंख्या वाढते कशी?

माळरान

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात, मराडी शहराजवळच्या एका गावात बाजरीच्या वाणांची चाचणी चालू होती. २००५ चा पावसाळा. शेताच्या कडेला एक बाई पाठीवर तान्ही मुलगी बांधून बाजरीच्या ओळींमध्ये चवळी टोकत होती. मी सहज विचारलं, मुलं किती? तिने दोन्ही हातांची मिळून नऊ बोटं वर केली आणि मग त्यातली तीन मिटली. सोबतच्या सहकाऱ्याने तिचं हाउसा भाषेतलं बोलणं मला समजावून सांगितलं: "नऊ झाली, सहा आहेत."

माझी आजी अगदी असंच सांगायची. आठ झाली, पाच राहिली. मी नगर जिल्ह्यातला, बाजरीवर वाढलेला. बाजरी मुळात पश्चिम आफ्रिकेतलीच, चार हजार वर्षांपूर्वी कधीतरी आपल्याकडे आली. त्या गावात पहाटे उखळ-मुसळाचा आवाज सुरू झाला की मला घरीच असल्यासारखं वाटायचं. तीन पावसाळे मी तिथे काढले.

गेल्या आठवड्यात एका स्नेह्यांकडून 'आफ्रिकेतला लोकसंख्येचा स्फोट' असा एक मजकूर फिरत आला. त्यात नायजरच्या बायकांना जगात जवळजवळ सर्वांत जास्त मुलं होतात, एवढंच सांगून त्या समाजाबद्दल नको नको ते लिहिलं होतं. मला ते फार लागलं. आकडा खोटा नाही, पण त्यामागची गोष्ट तिथे नव्हती. ती इथे मांडतो.

आधी देश. नायजेरिया नव्हे, त्याच्या उत्तरेला लागून असलेला नायजर. राजधानी नियामे. क्षेत्रफळ १२.६७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे चार महाराष्ट्र बसतील. पण बहुतेक भाग सहारा. माणसं राहतात ती दक्षिणेच्या पट्ट्यात: दोसो, तिल्लाबेरी, ताहुआ, मराडी, झिंडर. पाऊस जून ते सप्टेंबर, तोही बेभरवशाचा.

१९६० मध्ये फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळालं तेव्हा लोकसंख्या ३५ लाखांच्या आत होती. १९७७ च्या जनगणनेत ५१ लाख, १९८८ मध्ये साडेबहात्तर लाख, २००१ मध्ये १ कोटी १० लाख आणि २०१२ मध्ये १ कोटी ७१ लाख. २००१ ते २०१२ या काळातला वाढीचा वेग वर्षाला ३.९ टक्के होता. आज अंदाज पावणेतीन कोटींच्या जवळपासचा आहे.

ही वाढ बाहेरून माणसं आल्यामुळे झालेली नाही. येणारे-जाणारे आहेत, पण या हिशेबात त्यांचं वजन थोडं. ही जवळजवळ सगळी नैसर्गिक वाढ, म्हणजे जन्मातून मृत्यू वजा करून उरते ती.

खरी गोष्ट इथून पुढे. १९९२ च्या आरोग्य पाहणीत एका बाईला आयुष्यात सरासरी सात मुलं होत होती. २०१२ च्या पाहणीत ७.६. वीस वर्षांत जन्मांचा आकडा जवळपास तिथेच. आणि मृत्यूंचा? १९९२ मध्ये जन्मलेल्या हजार मुलांपैकी तीनशेहून जास्त मुलं पाचवा वाढदिवस बघत नव्हती. जवळजवळ तिघांतलं एक. २००६ मध्ये हा आकडा १९८ वर आला आणि २०१२ मध्ये १२७ वर.

म्हणजे नायजरच्या बायका अचानक जास्त मुलं जन्माला घालू लागल्या, असं काही झालेलं नाही. त्यांची मुलं जगू लागली. हे मला प्रत्येकाला हलवून सांगावंसं वाटतं.

ती जगली कशी, तेही मी थोडंफार डोळ्यांनी बघितलं. २००५ मध्ये तिथे भीषण अन्नटंचाई होती. मागच्या हंगामात पाऊस लवकर गेला, टोळधाड आली आणि बाजरीचे भाव चढले. मराडीत डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेच्या केंद्रांवर आया लेकरं घेऊन रांगेत बसायच्या. आधी दंडाचा घेर फीत लावून मोजायचे. मग चांदीसारखं पाकीट द्यायचे, त्यात शेंगदाण्याचं कूट, दूध पावडर, साखर आणि तेल यांची मऊ पेस्ट. प्लम्पीनट म्हणतात तिला. पाणी घालायला नको, शिजवायला नको, त्यामुळे घरी नेऊन भरवता येत होती. त्या वर्षी हजारो मुलं त्यावर वाचली. एक पोर पाकिटाचा कोपरा चोखत होतं आणि आई त्याच्या पायावरची सूज बोटाने दाबून बघत होती, ते मला अजून दिसतं.

त्यानंतर मोठं काम झालं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी सरकारी उपचार मोफत केले. औषध घातलेल्या मच्छरदाण्या देशभर वाटल्या. गावोगाव छोटी आरोग्यघरं उघडली, जिथे एक प्रशिक्षित माणूस हिवताप, जुलाब आणि न्यूमोनियावर औषध देऊ शकतो. जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एका देशाने हे करून दाखवलं. त्याचं कौतुक कुठे वाचायला मिळत नाही, वाढलेल्या लोकसंख्येची भीती मात्र सगळीकडे.

तुमचं मत जरूर लिहा. कुणी त्या भागात राहिलं असेल तर फारच बरं.

---

गणिती

माळरान, उत्तम धागा. आकडेमोडीची थोडी भर घालतो, कारण 'टक्के' वाचून नेमकं चित्र डोळ्यांसमोर येत नाही.

हजार माणसांमागे वर्षात जन्म किती आणि मृत्यू किती, यांची वजाबाकी म्हणजे नैसर्गिक वाढ. पंधरा वर्षांपूर्वीच्या नायजरमध्ये हजारी ४५ हून जास्त जन्म आणि दहा-बाराच्या घरात मृत्यू, असं साधारण चित्र होतं. हजारी पस्तीसच्या वर माणसं दरवर्षी वाढणार. ७० ला वाढीच्या टक्क्यांनी भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ३.९ ने भागा, १८ वर्षं. म्हणजे मूल बारावीला जाईपर्यंत देश दुप्पट.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आजच्या नायजरचा मृत्युदर जपानपेक्षा कमी आहे. जपानमध्ये हजारी बाराहून जास्त माणसं वर्षाला जातात, नायजरमध्ये दहाच्या आतबाहेर. याचा अर्थ नायजर जास्त निरोगी आहे, असा मुळीच नाही. जपान म्हातारा आहे, नायजर लहान आहे. तिथली निम्मी लोकसंख्या पंधराच्या आतली. लहान वयाच्या देशात एकूण मरणारे कमीच असतात, त्यामुळे नुसता मृत्युदर बघून आरोग्याचा निवाडा करू नये. त्यासाठी बालमृत्यूच बघायला हवेत, आणि ते माळरान यांनी बरोबर दिले आहेत.

याच तरुण वयाची दुसरी बाजू. उद्या सकाळपासून तिथल्या प्रत्येक जोडप्याने दोनच मुलांवर थांबायचं ठरवलं, तरी लोकसंख्या पुढची काही दशकं वाढतच राहील. आज जी मुलगी पाच वर्षांची आहे ती पंधरा-वीस वर्षांनी आई होणार, आणि अशा मुली त्यांच्या आयांच्या पिढीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. बैलगाडी उतारावर असली की बैल थांबले तरी गाडी पुढे ढकलत राहते, तसं.

---

उंबरा

लेख मनापासून आवडला, पण मला एक प्रश्न पडतो आणि तो स्पष्ट विचारतो. मुलं वाचवली हे फार मोठं काम, मान्य. पण त्याच वेळी जन्म रोखले नाहीत तर वाचवलेल्या मुलांना खायला काय घालणार? शाळा कुठून आणणार? अशा देशात सरकारने कडक कायदा करायला नको का? तीन मुलांनंतर सवलती बंद, असं काहीतरी. मला कुणाला कमी लेखायचं नाही. पण भूक दिसत असताना गप्प बसणं हीसुद्धा क्रूरताच वाटते.

---

टिटवी

उंबरा, तुमची तळमळ समजते. तरीही सक्तीचं नाव काढू नका, असं हात जोडून सांगते.

मी मराठवाड्यात परिचारिका म्हणून १९७८ मध्ये रुजू झाले. आणीबाणी संपली होती, पण गावात सरकारी जीप शिरली की पुरुष माणसं ज्वारीत जाऊन लपायची. आम्ही बाळांना डोस पाजायला आलोय, हे पटवायला अर्धा दिवस जायचा. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. पण नुसत्या धाकाने लोकांचा विश्वास गेला, आणि तो परत मिळवायला माझ्यासारख्या कितीजणींच्या चपला झिजल्या.

आज महाराष्ट्रात एका बाईला सरासरी १.७ मुलं होतात. हे धाकाने झालेलं नाही. मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय पुढे सरकलं, आणि 'हे मूल जगणार' याची आईला खात्री वाटू लागली. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मी स्वतः एका सासूबाईंच्या तोंडून ऐकलंय, "बाई, दोनावर थांबवते म्हणतीस, त्यातलं एक गेलं तर तू देणारेस का आणून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोवराची लस नेमाने मिळू लागली आणि काही वर्षांनी गावात गोवराने मूल गेल्याचं ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्याच बाईने सुनेला स्वतः दवाखान्यात आणलं.

माळरान, त्या भागात मूल जगावं म्हणून नावं कशी ठेवतात? आमच्याकडे आधीची मुलं गेलेली असली की पुढच्याला दगडू, धोंडू, केरू असं नाव ठेवायचे. काही ठिकाणी तर बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलायचे, म्हणजे काळाची नजर पडायला नको.

---

दर्यावर्दी

टिटवीताई, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. मी नायजेरियात कानो शहरात नऊ वर्षं नोकरी केली. कानो म्हणजे हाउसा लोकांचं मोठं शहर, आणि मराडी, झिंडर सीमेपलीकडे. भाषा तीच, सोयरिकीही तिकडच्या.

आमच्या कारखान्यात एक वयस्क रखवालदार होते, त्यांचं नाव अजूजी. त्यांना एकदा अर्थ विचारला. 'जूजी' म्हणजे उकिरडा. आधीची भावंडं गेली, म्हणून यांना उकिरड्यावर ठेवून उचललं आणि तेच नाव ठेवलं. मी त्यांना आमच्याकडच्या केरूबद्दल सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझा हात धरून बसले होते.

मूल झालं की सातव्या दिवशी नाव ठेवतात. पहाटे मंडळी जमतात, कोला नावाच्या चघळायच्या बिया वाटतात, मेंढा कापतात. बाळाचे केस काढतात. आणि येणारा प्रत्येकजण एकच वाक्य म्हणतो: "अल्ला या राया." देव याला जगवो. अभिनंदन वगैरे नाही, आधी हे मूल जगो. जिथे पिढ्यान् पिढ्या तिघांतलं एक मूल जात होतं तिथे दुसरं काय म्हणणार?

उंबरा, तुमच्या मुद्द्याबद्दल मला भाषेतून एक गोष्ट कळली, ती सांगतो. कुटुंबनियोजनाला हाउसात दोन शब्द आहेत. एक 'कय्यादे इयाली', म्हणजे कुटुंबाला मर्यादा घालणं. हा शब्द उच्चारला की लोक उठून जातात. देव देतोय त्याला तुम्ही कोण थांबवणारे, असा भाव. दुसरा 'ताझारार हैहुवा', म्हणजे दोन बाळंतपणांत अंतर ठेवणं. याला इमामसुद्धा मान डोलावतात, कारण मुलाला दोन वर्षं अंगावर पाजावं ही गोष्ट त्यांच्या धर्मातही आहे आणि रूढीतही. अंगावर पिणारं मूल असताना आई पुन्हा गरोदर राहिली तर त्याला 'क्वानिका' म्हणतात आणि ते लाजिरवाणं मानतात. वरच्या मुलाचं दूध तुटतं, ते खंगतं, हे त्यांना आपल्या डॉक्टरांच्या आधीपासून माहीत आहे.

म्हणजे अंतर ठेवण्याचा विचार बाहेरून नेऊन पेरायची गरजच नाही. तो त्यांच्या घरातलाच आहे.

---

टिटवी

दर्यावर्दी, किती छान सांगितलंत! आमच्या प्रशिक्षणात दोन शब्द होते, 'पाळणा लांबवा' आणि 'पाळणा थांबवा'. मीही आधी लांबवण्याचंच बोलायचे, थांबवण्याचं नाव काढत नसे. थांबवायचं असेल तर बाई स्वतःच दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हळूच विचारायची. आणि आता सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी घ्यायचं जे इंजेक्शन मिळतं, त्याचं नाव काय, तर 'अंतरा'. ताझारा आणि अंतरा! जगाच्या दोन टोकांना बायकांना तोच शब्द आपला वाटतो.

बाळंतिणीचं काय करतात तिकडे?

---

दर्यावर्दी

चाळीस दिवस कडक पाण्याची आंघोळ. झाडाच्या पाल्याने ते पाणी अंगावर मारतात. बाजरीची पातळ पेज, शेकोटी, आणि पहिलटकरीण असेल तर माहेरी. तुम्ही तिथे गेलात तर एका दिवसात रुळाल.

---

काजवा

मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. माझा प्रश्न जमिनीबद्दल. पट्टा अरुंद, पाऊस कमी आणि माणसं १८ वर्षांत दुप्पट, तर शेतं पुरतात कशी? उंबरा यांचा 'खायला काय घालणार' हा प्रश्न मला टाळण्यासारखा वाटत नाही.

---

माळरान

काजवा, प्रश्न टाळायचा नाहीच. उत्तर मात्र मोठं आहे, सबुरीने वाचा.

जमीन पुरत नाही. पूर्वी शेत चार-पाच वर्षं पेरून तेवढीच वर्षं पडीक टाकायचे. मी गेलो तेव्हा मराडीच्या आसपास पडीक रान दिसतच नव्हतं. बापाच्या शेताच्या मुलांत वाटण्या, त्यांच्या मुलांत परत वाटण्या. आपल्याकडे गुंठ्यांवर आलं तसं तिथेही चाललंय. सुगी संपली की तरुण मुलं नायजेरियात किंवा किनाऱ्याकडच्या देशांत हमाली-मजुरीला जातात. याला हाउसात 'चिन रानी' म्हणतात, शब्दशः 'उन्हाळा खाणं'. म्हणजे घरचं धान्य वाचावं म्हणून उन्हाळा दुसरीकडे जाऊन खायचा. जुलै २०२३ मध्ये नायजरमध्ये लष्करी उठाव झाला, शेजारी देशांनी निर्बंध घातले आणि नायजेरियाची सीमा बंद झाली. तेव्हा अशा घरांचं काय झालं असेल, या विचाराने मला झोप लागत नव्हती.

पण याच मराडी-झिंडर पट्ट्यात एक विलक्षण गोष्टही घडली. १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी शेतात आपोआप फुटणारे झाडांचे धुमारे तोडायचं थांबवलं. पूर्वी पेरणीआधी शेत साफ करताना ते छाटून टाकायचे. आता त्यातले दोन-चार जोमदार ठेवायचे, बाकीचे विरळायचे. रोपवाटिका नाही, लागवड नाही, खर्च जवळपास नाही. जवळजवळ ५० लाख हेक्टरवर अशी झाडी परत आली, आणि उपग्रहाच्या छायाचित्रांतही ती दिसते. त्यात 'गाओ' नावाचा एक बाभळीच्या जातकुळीचा वृक्ष आहे, जो पावसाळ्यात पानं गाळतो आणि उन्हाळ्यात हिरवा होतो. बाजरीवर सावली पडत नाही, उलट पानांचं खत मिळतं. त्याच्या बुंध्याभोवतीची बाजरी बाकी शेतापेक्षा हातभर उंच असते, ते मी मोजून बघितलंय. सर्वांत दाट वस्तीच्या भागात हे घडलं. माणसं वाढली की रान ओसाडच होतं, असा माझा समज त्या शेतात उभं राहून गेला.

तरीही शाळांचं दुःख आहे. मुलं इतक्या वेगाने वाढतात की वर्गखोल्या बांधून होत नाहीत, म्हणून हजारो वर्ग गवताच्या झोपड्यांत भरतात. २०२१ मध्ये एप्रिलमध्ये नियामेत आणि नोव्हेंबरमध्ये मराडीत अशा वर्गांना आग लागली. दोन्ही मिळून चाळीसहून जास्त लेकरं गेली. हिवताप आणि उपासमारीतून वाचवलेली मुलं शाळेत जळून गेली. हे लिहितानाही हात थरथरतो. म्हणून उंबरा, तुमची काळजी मला परकी नाही. फक्त उपाय वेगळा दिसतो.

---

गणिती

२०१२ च्या पाहणीतले तपशील बघा, उपाय तिथेच दिसतो. सरासरी ७.६, पण झिंडर आणि मराडीत आठाच्या वर आणि नियामे शहरात पाचच्या थोडं वर. शाळा न शिकलेल्या बायकांना आठच्या आसपास मुलं, माध्यमिक शाळेत गेलेल्यांना पाचच्या आसपास. देश तोच, धर्म तोच.

पण एक आकडा मला गोंधळात टाकतो. त्याच पाहणीत 'तुम्हाला किती मुलं असावीत असं वाटतं' असं विचारलं, तेव्हा बायकांनी सरासरी नऊच्या वर सांगितली आणि पुरुषांनी जवळपास अकरा. म्हणजे होतात त्याहून जास्त हवी आहेत! मग साधनं पुरवून काय उपयोग?

---

माळरान

गणिती, या आकड्यावर मी पुष्कळ विचार केलाय.

त्या बाईने नऊ बोटं दाखवून तीन मिटली होती. अकरा हवीत म्हणणाऱ्या बापाच्या मनात अकरा जिवंत मुलं असतीलच, असं मला वाटत नाही. मिटलेली बोटं त्याने आधीच धरलेली असतात. मृत्यू कमी झाल्याचं पाहणीत लगेच दिसतं, आईबापांच्या मनात उतरायला एक पिढी जाते. टिटवीताईंच्या त्या सासूबाईंसारखंच.

आणि घरातलं राजकारण असतं. तिथे लग्न झालेल्या दर तीन बायकांपैकी साधारण एकीला सवत आहे. वारसा मुलांच्या संख्येने वाटला जातो, म्हणून थोरली थांबली आणि धाकटीला होत राहिली तर थोरलीच्या लेकरांचा वाटा कमी. तिला 'कमी मुलं सुखी कुटुंब' असं भित्तिचित्र दाखवून काय समजावणार? तिच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो.

लग्नाचं वय तर सर्वांत दुखरी जागा. वीस ते चोवीस वर्षांच्या दर चार बायकांपैकी तिघींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जगातलं हे सर्वांत जास्त प्रमाण. विशीच्या आतच पहिलं बाळंतपण, तेही बहुधा घरी. २०१२ च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ५३५ आयांचे मृत्यू मोजले गेले.

यात फ्रान्सच्या कायद्याचाही वाटा आहे. पहिल्या महायुद्धानंतर आपली लोकसंख्या वाढावी म्हणून फ्रान्सने १९२० मध्ये गर्भनिरोधनाच्या प्रचारावर बंदी घातली. तो कायदा वसाहतींना लागू झाला आणि वसाहती स्वतंत्र झाल्यावरही रेंगाळला. नायजरमध्ये कुटुंबनियोजनाचं सरकारी काम उभं राहिलं ते १९८० च्या दशकात. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी मुंबईत केंद्र काढलं १९२१ मध्ये, आणि सरकारी कार्यक्रम १९५२ चा. त्यांना उशीर झाला त्याचा दोष मराडीच्या बाईला कसा देणार?

---

उंबरा

माळरान, टिटवीताई, सक्तीचा मुद्दा मी मागे घेतो. सवत आणि वारशाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण पुरुषांना अकरा हवी असतील तर पुरुषांशी कोण बोलतंय? सगळा भार बायकांवरच का?

---

माळरान

बोलतायत. झिंडर भागात २००७-०८ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या मदतीने 'नवऱ्यांची शाळा' सुरू झाली. गावातले दहा-बारा विवाहित पुरुष महिन्यातून दोनदा झाडाखाली जमतात. शिक्षक कुणी नसतो. बायको दवाखान्यात का जात नाही, यावर बोलतात. एका गावात कारण निघतं की आरोग्यकेंद्रावर आडोसा नाही, दुसरीकडे तिथली सुईण परगावची आणि तिला राहायला घर नाही. मग पुरुषच विटा पाडून खोली बांधतात. ही पद्धत देशात इतरत्र आणि शेजारच्या देशांतही पोचली. बायकोला तपासणीला नेणं ही पुरुषाच्या अब्रूची गोष्ट ठरली, तिथे गाडी पुढे सरकली.

मुलींच्या बाजूने २०१५ मध्ये साहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या पट्ट्यातल्या देशांचा एक एकत्रित कार्यक्रम जागतिक बँकेच्या पैशावर सुरू झाला, मुलींना शाळेत टिकवायचा. मोहम्मद बाझूम हे माजी राष्ट्राध्यक्ष मूळचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक. ग्रामीण मुलींसाठी वसतिगृहं बांधायचा त्यांनी ध्यास घेतला होता, कारण माध्यमिक शाळा पंधरा-वीस किलोमीटरवर, आणि शाळा सुटली की लग्न. २०२३ च्या उठावात त्यांचं सरकार गेलं.

तरी आकडा हलायला लागलाय. आताचे अंदाज एका बाईमागे सहा मुलांच्या आसपास आहेत. ७.६ वरून सहा. पश्चिम आफ्रिकेतल्याच घानात हाच आकडा १९८८ मध्ये सहाच्या वर होता आणि २०२२ च्या पाहणीत ३.९ वर आला. घानाला लागली तितकी वर्षं नायजरला लागली तरी मला चालेल.

---

काजवा

काका, शेवटचा प्रश्न. त्या बाईच्या पाठीवर जी तान्ही मुलगी होती, तिचं पुढे काय झालं, काही कळलं का?

---

माळरान

काजवा, तू विचारलंस म्हणून काल रात्री तिकडच्या माझ्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो अजून मराडीतच असतो आणि त्या गावात त्याचं जाणं-येणं आहे.

मुलगी आहे. हिवतापाने दोनदा दवाखान्यात होती, दोन्ही वेळा बरी होऊन घरी आली. गावच्या शाळेत सहा वर्षं शिकली, मग मराडीत मावशीकडे राहून आणखी तीन. त्यापुढे मावशीला परवडलं नाही. अठराव्या वर्षी लग्न झालं. या वयात तिच्या आईला चार झाली होती आणि दोन राहिली होती. हिला एक मुलगा आहे, चौदा महिन्यांचा, अंगावर पितो. नवरा लागोसला चिन रानीला गेलाय. सासूला सांगून ती दर तीन महिन्यांनी आरोग्यकेंद्रावर सुई घ्यायला जाते. घरात त्याला ताझारा म्हणतात, त्यामुळे कुणाची हरकत नाही.

किती मुलं हवीत असं सहकाऱ्याने तिला माझ्यावतीने विचारलं. ती म्हणाली, सहा. मग थोडं थांबून म्हणाली, देवाने सगळी ठेवली तर पाच.